बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

‘एवढ्या नकोत हो, दोन दिवसांच्याच द्या,’ असं खिडकीतून कोणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मी एका मोठ्या दवाखान्याच्या औषधखिडकीत बसते. पंधरा वर्षं झाली. समोर काच, काचेला बशीएवढं भोक आणि भोकापलीकडे रांग. डॉक्टरांनी सात दिवस लिहिलेले असतात. आणि हा माणूस, ज्याला स्वतःच्या चपलेचा नंबर विचारला तर वाकून बघावं लागेल, तो दोन दिवस ठरवून मोकळा. वर ‘बरं वाटलं की सोडायच्याच आहेत ना’ हेही मलाच समजावून सांगतो. मग मी बोलते. माझा आवाज मुळात मोठा, त्यात काचेपलीकडे पोचवायचा म्हणून आणखी मोठा झालेला. दवाखान्यात मला पाठीमागे ‘तोफ’ म्हणतात. ते मला ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं मला त्याचा थोडा अभिमानच होता.

पण हे माझ्याबद्दल नाही. हे माझ्या मावशीबद्दल आहे. जगाला कानीकपाळी ओरडून सांगणाऱ्या बाईच्या घरातच दिव्याखाली अंधार कसा होता, ते सांगायचं आहे. आणि सांगताना मला राग येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मावशी सतराव्या वर्षी कोट शिवणाऱ्या कारखान्यात लागली. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबलचक खोली, आठ टेबलं, मागच्या भिंतीशी वाफेच्या इस्त्र्या आणि सगळीकडे खडूची भुकटी. पहिली दोन वर्षं तिने फक्त शिवणींचे लोंबणारे धागे कापले. मग चार वर्षं बटणं लावली. त्यानंतर तिला खिडकीशी, उजेडात, हाताची काजं करायला बसवलं, आणि तिथून ती एकतीस वर्षं उठली नाही. महागड्या कोटाची काजं यंत्रावर करत नाहीत. कापडाला चीर द्यायची, कडेने जाड दोरा ठेवायचा आणि त्याच्याभोवती गाठी मारत जायचं, एकाला एक चिकटून, सगळ्या एका रेषेत. एक गाठ चुकली की चीर परत जुळवता येत नाही, त्यामुळे अख्खा कोट वाया. मावशीचं काज उलटं करून पाहिलं तरी सुलट बाजू कुठली ते कळत नसे. कारखान्याचे मास्तर, जे कोणाचं कौतुक करायचं म्हणजे स्वतःचा दात उपटून दिल्यासारखं तोंड करत, तेही म्हणत, ‘कोट फाटेल, पण बाईंचं काज राहील.’

लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, ‘काज करताना दुसऱ्या कोणाचं ऐकता येत नाही, आणि नवरा बोलल्याशिवाय राहत नाही.’ खरं कारण मी होते. माझी आई तिची थोरली बहीण. वडील आम्हाला सोडून गेलेले, आणि मी चार वर्षांची असताना आईला न्यूमोनिया झाला. औषध काही जगावेगळं नव्हतं. आज माझ्या खिडकीत त्याची खोकी पायाखाली येतात. पण त्या आठवड्यात ते कुठल्याच दुकानात नव्हतं. मावशी दुकानामागून दुकान फिरली आणि ते मिळालं तिसऱ्या दिवशी. आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. ती न उघडलेली बाटली मावशीच्या कपाटात कितीतरी वर्षं होती. तिला हात लावायची मला परवानगी नव्हती.

त्या एका मरणातून आम्ही दोघी दोन दिशांना गेलो. मी औषधं शिकले. आणि मावशीने ठरवलं की औषध हाताशी नाही असं पुन्हा कधी होऊ द्यायचं नाही.

तिच्या टेबलावर बटणांचा एक डबा होता. चोवीस कप्प्यांचा, झाकण असलेला. कारखान्यात गळलेलं, उरलेलं, चुकून जादा आलेलं प्रत्येक बटण ती त्यात घाली. रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे, दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. दहा वर्षांनी एखादं गिऱ्हाईक जुना कोट घेऊन आलं की मावशी झाकण उघडायची आणि अगदी त्याच्या जोडीचं बटण काढून द्यायची. ‘टाकायचं काही नसतं. लागतं कधीतरी,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. बटणांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं.

तिने तसाच दुसरा डबा गोळ्यांचा केला. घरी उरलेल्या गोळ्या आधी आल्या. मग कारखान्यातल्या बायका आपापल्या घरच्या आणू लागल्या. कोणाच्या सासऱ्याचा कोर्स अर्धा राहिला, आण. कोणाच्या मुलीची दाढ काढली आणि चार कॅप्सूल उरल्या, त्याही आण. पाकिटं कप्प्यात मावत नसत, म्हणून मावशी प्रत्येक गोळी पाकिटातून फोडून सुटी करायची आणि बटणासारखी लावायची. लाल-पिवळ्या कॅप्सूल तापाच्या. पांढऱ्या लांबट जखमेच्या. बारीक गुलाबी पोटाच्या. नाव गेलं, तारीख गेली, किती मात्रेची ते गेलं. राहिला रंग. बटण लावणाऱ्या बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाला सुचली नसती, कारण इतक्या नीटनेटकेपणाने ती दुसऱ्या कोणाला करता आली नसती.

आणि ती वाटायची. इस्त्रीवाली शिंकली, घे दोन लाल-पिवळ्या. मास्तरांच्या पायाला गळू झालं, घ्या तीन पांढऱ्या. एक पैसा न घेता, पाण्याच्या पेल्यासकट. बायका तिला ‘अर्धी डॉक्टरीण’ म्हणत, आणि ते ऐकून ती मान खाली घालून हसायची. लोकांची सर्दी चार-पाच दिवसांत आपली आपण बरी व्हायची आणि नाव मावशीच्या कॅप्सूलचं व्हायचं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं. पण कावळ्याला जाऊन कोण सांगणार.

मला हा डबा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. मी पांढऱ्या लांबट गोळ्यांचा कप्पा हातावर ओतला. त्यात तीन निरनिराळी औषधं होती. एक जंतूंवरचं, एक दुखण्यावरचं आणि एक चक्क रक्तदाबाचं. आणि मी सुटले. ‘मावशी, हे विष आहे. तू लोकांना मारशील. तुला अक्कल आहे का?’ हे सगळं मी कारखान्यात, तिच्या टेबलाशी, आठ टेबलांवरच्या बायकांच्या देखत बोलले. ज्या बाईने मला वाढवलं तिला. मग डबा उचलला आणि खालच्या कचऱ्याच्या पिंपात रिकामा केला.

मावशी दोन आठवडे बोलली नाही. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, माझा डबा भरून द्यायची, आणि बोलायची नाही. मग एक दिवस आपण होऊन बोलायला लागली, आणि मला वाटलं प्रकरण मिटलं. मिटलं नव्हतं. डबा टेबलावरून टेबलाच्या खालच्या खणात गेला होता, एवढंच. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. एक मला सोडून.

आता गेल्या वर्षीचं सांगते. एका सोमवारी मावशी जाड लोकरीच्या कोटाचं काज करत होती. सुई पुढे जाईना. मधल्या बोटात अंगुस्तान होतं, धातूचं, टोचू नये म्हणून घालतात ते. पण घाईत तिने सुई ढकलली ती अंगुस्तान नसलेल्या तर्जनीने. सुईचं मागचं टोक बोट दुमडतं तिथे आत गेलं. उजव्या हाताची तर्जनी. तिने रक्त पुसलं आणि काज पूर्ण केलं. मंगळवारी बोट सुजलं. बुधवारी मी तिला धरून माझ्याच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी बोट तपासलं, धुतलं आणि अमॉक्सिसिलिन लिहून दिलं, जोडीच्या औषधासकट, एका गोळीत दोन्ही. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. चौदा गोळ्या. त्या मी माझ्या खिडकीतून, माझ्या हाताने दिल्या. पाकिटावर पेनाने सूर्य काढला, चंद्र काढला. म्हटलं, ‘चौदाच्या चौदा. एक जरी उरली तरी मला दाखव.’ मावशीने मान डोलावली. मागे रांगेत असलेल्या माणसाला वाटलं असेल, किती प्रेमळ भाची.

गोळ्यांनी काम केलं. करणारच होत्या. शनिवारपर्यंत सूज उतरली, ठणका गेला, बोट वाकायला लागलं. सहा गोळ्या पोटात गेल्या होत्या, आठ उरल्या होत्या. आणि नेमक्या शनिवारी इस्त्रीवाली नाक ओढत, डोळे लाल करून कामावर आली. अंग तापलेलं. तिच्या घरी दोन महिन्यांचं बाळ.

‘मावशी, बाळाला लागेल हो माझं. काही आहे का तुमच्याकडे?’

मावशीने पर्समधून माझं सूर्य-चंद्राचं पाकीट काढलं आणि चार गोळ्या फोडून तिच्या हातावर ठेवल्या. ‘ही भारी आहे. भाचीने स्वतः दिलेली. माझं बोट बघ, तीन दिवसांत खडखडीत.’ उरलेल्या चार तिने खणातल्या डब्यात, पांढऱ्या लांबट कप्प्यात टाकल्या. टाकायचं काही नसतं.

इस्त्रीवालीला सर्दी होती. साधी, विषाणूची सर्दी. त्या गोळीला सर्दीत करण्यासारखं काही नसतंच. मावशीचं बोट अर्धं बरं झालेलं, त्याला त्या आठ गोळ्या हव्या होत्या. जिला नको होत्या तिला मिळाल्या, जिला हव्या होत्या तिने वाटल्या, आणि दोघींना एकमेकींचा किती अभिमान. हे लिहितानासुद्धा माझे दात एकमेकांवर घासले जातायत.

मंगळवारी बोट पुन्हा सुजलं. या वेळी जास्त. मावशीने खण उघडला आणि पांढऱ्या लांबट कप्प्यातून दोन गोळ्या घेतल्या. कुठल्या दोन, देव जाणे. बुधवारी आणखी दोन, आणि भरीला एक लाल-पिवळी. घरी हात सारखा गाऊनच्या खिशात. जेवताना ती डाव्या हाताने चमचा धरून बसली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, ‘डॉक्टरबाई म्हणाल्या ना, हाताला विश्रांती द्या.’ मी तो चमचा पाहिला. मी रोज दोनशे लोकांच्या चिठ्ठ्या वाचते, आणि तो चमचा मी पाहिला आणि पुढे जेवत राहिले.

गुरुवारी दुपारी मास्तरांचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. ‘बाईंचं काज चुकलं,’ एवढंच म्हणाले. मग, ‘या तुम्ही.’

मी गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. तर्जनी फुगून आकड्यासारखी अडकलेली, सरळ होत नव्हती, वाकत नव्हती. मनगटापासून वर कोपराकडे त्वचेखाली एक लाल रेघ गेली होती. मी ती रेघ पुस्तकात पाहिली होती. जिन्यावरून तिला खाली आणताना मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ‘किती घेतल्यास, सांग, किती घेतल्यास’ हे पुन्हा पुन्हा विचारत होते, एवढं आठवतं. ती एक एक पायरी बघून उतरत होती आणि ‘सहा’ म्हणाली.

त्याच संध्याकाळी बोट उघडून धुवावं लागलं. बोट वाकवणाऱ्या दोरीभोवती एक नळी असते, पू त्या नळीत शिरला होता. सलाईनमधून औषध सुरू झालं. डॉक्टरबाई बाहेर आल्या, हातमोजे काढले आणि मला म्हणाल्या, ‘हात वाचेल. बोट पुन्हा वाकेल की नाही, सांगता येत नाही. मंगळवारी पुन्हा सूज आली म्हणता ना, तेव्हाच आणलं असतंत तर बोटही वाकलं असतं.’

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली भेटायला आली. खडखडीत बरी. हातात फुलं. ‘मावशींच्या गोळ्यांनी बघा चार दिवसांत उतार पडला,’ असं ती कौतुकाने माझ्याकडे बघून म्हणाली. माझा तोल गेला. अगं बाई, सुंठीवाचून खोकला गेला होता तुझा. तू काहीही न खाता, नुसती इस्त्री फिरवत राहिली असतीस तरी चार दिवसांत बरी झाली असतीस. तुझ्या शिंकांपायी त्या बाईचं बोट गेलं. हे मी मनात म्हटलं नाही, वॉर्डात म्हटलं, तोफेच्या आवाजात. बारा खाटांवरचे बारा रोगी उठून बसले. इस्त्रीवालीने फुलं पायाशी ठेवली आणि रडत निघून गेली. तिची काय चूक होती? तिला कोणीतरी प्रेमाने गोळी दिली, तिने घेतली. पण त्या क्षणी मला कोणीतरी हवं होतं, आणि जिच्यावर ओरडायचं ती सलाईन लावून पडलेली होती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मावशी सलाईनच्या बाटलीकडे बघत पडली होती. मी शेजारी स्टुलावर.

‘हे आत जाऊन नेमकं करतं तरी काय गं?’ तिने विचारलं.

पंधरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. म्हणजे मीही कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, ‘जंतूभोवती एक कवच असतं. समज, त्याचा कोट. जंतू वाढतो तसा त्याला कोट मोठा करत जावा लागतो, नवे टाके घालत. आपलं अमॉक्सिसिलिन ते टाकेच पडू देत नाही. जंतू वाढत जातो, शिवण सुटत जाते, आणि शेवटी तो फुटतो. आपल्या शरीराच्या पेशींना असला कोट नसतो, म्हणून आपल्याला धक्का लागत नाही.’

‘आणि सर्दी?’

‘सर्दीच्या विषाणूला तो कोटच नाही. मग उसवणार काय?’

‘आणि ते जोडीचं औषध?’

‘काही जंतूंकडे कात्री असते. ते आपलं औषधच कापून टाकतात. जोडीचं औषध त्या कात्रीत अडकून बसतं.’

‘म्हणजे मी तिसऱ्या दिवशी सोडलं,’ मावशी सावकाश म्हणाली, ‘तेव्हा कच्चे होते ते मेले. ज्यांचा कोट घट्ट होता ते अर्धे उसवलेले राहिले. आणि मी थांबले म्हटल्यावर बसले परत शिवायला.’

‘हो.’

‘सात दिवस का, तर म्हणून.’

‘तुझ्या बोटाला सात. दुसऱ्या दुखण्याला कधी तीन, कधी पाच, कधी चौदा. ते डॉक्टर ठरवतात. बरं वाटणं ठरवत नाही.’

तिने डोळे मिटले. ‘हे मला आधी सांगितलं असतंस तर कळलं असतं की गं. शिवणीतलं मला कळतं.’

मी तिला म्हणाले, हजारदा सांगितलं. तिने मान हलवली. ‘तू सांगितलंस पूर्ण घे. का घ्यायच्या, ते नाही सांगितलंस.’ मला पुन्हा राग आला. खरं सांगते, तेव्हासुद्धा राग आला. माणूस बोट गमावून बसलेलं असताना माझ्याच समजावण्यात खोट काढतं म्हणजे काय. मी उठून बाहेर गेले आणि नर्सच्या टेबलाशी उगाच उभी राहिले.

जखम भरली. बोट वाकलं नाही. तीन महिने व्यायाम केले, कोमट पाण्यात हात बुडवून, स्पंजचा गोळा दाबून. तर्जनी सरळ राहिली, सतत कोणाकडे तरी दाखवत असल्यासारखी. एका रविवारी मी स्वयंपाकघरात गेले तर ती टेबलाशी जुन्या कापडाचा तुकडा घेऊन बसली होती. चीर दिलेली, जाड दोरा लावलेला. सुई अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरून ती गाठ मारत होती. पाच गाठी झाल्या होत्या. पाचही वेगवेगळ्या उंचीच्या. तिने ते कापड माझ्यापासून लपवलं नाही. उजेडाला धरून नीट पाहिलं, दुसऱ्या कोणाचं काम तपासावं तसं, आणि म्हणाली, ‘मी मास्तर असते तर हिला ठेवलं नसतं.’

मास्तरांनी ठेवलं. माणूस कडू, पण माणूस. काजाच्या जागेवर नाही, दाराजवळच्या टेबलावर, शिवणींचे लोंबणारे धागे कापायला. सतराव्या वर्षी जिथून सुरुवात केली तिथे. खिडकीशी आता एक नवी बाई बसते. तिची काजं ठीक असतात. मावशी तिच्या कोटांचे धागे कापते.

गोळ्यांचा डबा मी मागून घेतला. बायकांनी निमूट दिला. या वेळी मी पिंपात ओतला नाही, दवाखान्यात नेऊन नष्ट करायला दिला. पण जाताना त्यांच्यासमोर उभी राहून मी विचारलंच. माझी खिडकी इथून पाच मिनिटांवर आहे. जिना उतरा, रस्ता ओलांडा, दवाखाना. मी तिथे आठवड्याचे सहा दिवस बसलेली असते. मग हा लपवाछपवीचा उद्योग कशाला? माझ्याकडे यायला काय झालं होतं? मी म्हटलं, हे काही खरं नाही. अशानेच माणसं मरतात. इस्त्रीवाली इस्त्रीच्या वाफेआड उभी होती. मावशीने खाली बघून एक धागा कापला.

घरी येताना आम्ही दोघी चालत होतो. मी अजून बोलतच होते. पालथ्या घड्यावर पाणी, एवढं शिकून उपयोग काय, घरचं माणूस ऐकत नाही तर बाहेरचे काय ऐकणार. दवाखान्याच्या फाटकासमोर मावशी थांबली.

‘आले होते मी,’ ती म्हणाली.

‘कुठे?’

‘इथे. तुझ्याकडे. त्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. बोट पुन्हा सुजलं तेव्हा. दाखवावं म्हटलं तुला.’

‘मग?’

‘जिना चढून वर आले. तुझ्या खिडकीकडच्या वळणापर्यंत. तुझा आवाज येत होता. एका म्हाताऱ्या माणसावर ओरडत होतीस. त्याने गोळ्या मध्येच सोडल्या होत्या, दुखणं उलटलं होतं म्हणून परत आला होता. तू त्याला म्हणालीस, अक्कल गहाण टाकली होती का. सगळी रांग हसली.’ तिने हात खिशात घातला. ‘माझंही तेच झालं होतं ना. त्याच्या मागे उभं राहायची हिंमत नाही झाली. मग परत गेले. खणात होत्या त्या घेतल्या.’

मला तो म्हातारा आठवला नाही. असे रोज चार तरी येतात. मी काय बोलले असेन ते मात्र शब्दाशब्दाने माहीत होतं, आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मावशी पुढे चालायला लागली. मी तिथेच उभी राहिले आणि मंगळवारची दुपार मोजत राहिले. वळणापासून माझ्या खिडकीपर्यंत अकरा पावलं आहेत.